पाली 'अभिजात' झाली, पण ती रोज म्हणतं कोण? मुंबईच्या वस्त्यांतल्या आज्या आणि चीनमधल्या आज्या

जुहू म्हटलं की चौपाटी आठवते, सिनेमावाल्यांचे बंगले आठवतात, १९७८ साली उघडलेलं इस्कॉनचं मंदिर आठवतं. पण जुहू आणि विलेपार्ले पश्चिमेच्या मधल्या पट्ट्यात नेहरूनगरसारख्या दाट वस्त्याही आहेत. मुंबईच्या उपनगरांत बौद्ध कुटुंबं जिथे जिथे राहतात, मग ती घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकरनगर असो की अंधेरी, मुलुंड, बोरिवलीतली एखादी चाळ, तिथे पौर्णिमेच्या संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसतं.

पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर ओळीनं बसलेल्या असतात. त्यात साठी ओलांडलेल्या जास्त. समोर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. एक जण सुरुवात करते, बाकीच्या तिच्या मागोमाग म्हणतात. कित्येकींच्या हातात पुस्तक नसतं आणि असलं तरी त्यात बघायची गरज पडत नाही.

त्या जे म्हणतात ते मराठी नाही, हिंदी नाही, संस्कृतही नाही. ती पाली आहे, म्हणजे बौद्ध त्रिपिटकाची भाषा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पालीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा चर्चा झाली ती विद्यापीठांची, हस्तलिखितांची आणि निधीची. पाली रोज ज्यांच्या तोंडी असते त्या आज्यांचा विषय त्यात फारसा आला नाही. म्हणूनच हा प्रश्न जरा नीट समजून घेऊया. आणि तो समजून घ्यायला थोडं चीनमध्येही जाऊन येऊया, कारण तिथल्या आज्यांची गोष्ट आपल्याला बरंच काही शिकवते.

आधी बातमी काय होती?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. मराठी, पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया. त्याआधी असा दर्जा सहाच भाषांना होता, तो आकडा अकरा झाला. महाराष्ट्रात साहजिकच पेढे वाटले गेले ते मराठीसाठी. पाली त्याच यादीत होती, पण ती बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात राहिली.

या दर्जामुळे विद्वानांसाठी पुरस्कार, अभ्यासाचं केंद्र, विद्यापीठांत अध्यासनं अशा गोष्टींची वाट मोकळी होते. ते चांगलंच आहे. पण एक साधा प्रश्न राहतो. आज महाराष्ट्रात पाली सगळ्यात जास्त कुठे ऐकू येते? विद्यापीठाच्या वर्गात विद्यार्थी मोजके असतात. वस्तीवस्तीतल्या विहारांत मात्र ती आठवड्याला, पौर्णिमेला, बारशाला, लग्नाला आणि मयताला ऐकू येते.

संख्या बघा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते. त्यातले ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे दर चारांतले तीन. या लाखो घरांमध्ये पाली पोचली ती शाळेतून नाही. ती पोचली विहारातून, आणि विहार भरलेला ठेवला तो प्रामुख्यानं बायकांनी.

विहारात नेमकं काय म्हटलं जातं?

सुरुवात त्रिशरण आणि पंचशीलानं होते. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं पाळण्याचं वचन. मग त्रिरत्न वंदना, भीमस्मरण, आणि वेळ असेल तर महामंगल सुत्त, करणीयमेत्त सुत्त, रतन सुत्त.

पावसाळ्यात हे आणखी वाढतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास. बुद्धकाळात पावसात भिक्खू फिरायचे नाहीत, एका जागी राहायचे, त्याची ही आठवण. महाराष्ट्रातल्या विहारांत या काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. एक जण वाचतो किंवा वाचते, बाकीचे ऐकतात. जिला अक्षरओळख नाही तीही ऐकते, पुढच्या वर्षी पुन्हा ऐकते, आणि काही वर्षांनी कुठे काय आहे ते तीच सांगू लागते. शेवटच्या दिवशी खीर होते आणि ग्रंथवाचनाची समाप्ती होते.

वस्तीत कुणी गेलं की याच बायका त्या घरी जाऊन बसतात आणि वंदना म्हणतात. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्यातही त्या असतात. म्हणजे दु:खाच्या घरात पहिला सामूहिक आवाज बहुतेकदा त्यांचाच असतो.

तुमच्या सोसायटीत गुरुवारचं भजनी मंडळ असेल किंवा गावाकडे आजी रोज हरिपाठ म्हणत असेल तर ही गोष्ट तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. महाराष्ट्रात पाठांतराची खरी संस्था म्हणजे वयस्क बाईच. फरक इतकाच की इथे पाठ झालेली भाषा घरात कधीच बोलली गेलेली नाही, आणि ती घरात आली त्याला साधारण सत्तरच वर्षं झाली आहेत.

ही भाषा घरात आली कधी?

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग जमलेल्या लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी मैदानात असलेल्या बहुसंख्य लोकांच्या तोंडी पाली पहिल्यांदाच आली.

पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. म्हणजे नव्या धम्मात रोज करायचं काय, हे शिकवायला ते राहिले नाहीत. त्यांनी 'बौद्ध पूजापाठ' ही छोटी पुस्तिका तयार करून ठेवली होती. पाली व्याकरण आणि शब्दकोशावरचं त्यांचं कामही होतं. हे सगळं पुढे महाराष्ट्र सरकारच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत सोळाव्या खंडात छापलं गेलं. महाराष्ट्रात पालीची ओळख करून देणारे धर्मानंद कोसंबी त्याआधीच होऊन गेले होते. १९३० च्या दशकात त्यांनी परळला बहुजन विहारही सुरू केला होता. पण पुस्तक असणं वेगळं आणि दर पौर्णिमेला पन्नास माणसं एका सुरात म्हणणं वेगळं. हे दुसरं काम वस्त्यांनी स्वत: केलं.

त्यात बायकांचा वाटा मोठा का, हे समजायला त्यांनी काय सोडलं ते बघावं लागतं. दीक्षेनंतर गावोगाव घरातले देव विसर्जित केले गेले. मरीआई, म्हसोबा, नवस, अंगात येणं, उपास. या सगळ्याचा रोजचा कारभार बाईकडे होता. तो एका फटक्यात संपला. सण, वार, आजारपण, बाळंतपण, मयत या प्रत्येक वेळी 'आता काय म्हणायचं?' हा प्रश्न तिच्यासमोर होता. त्या रिकाम्या जागेत त्रिशरण आलं, वंदना आली, आणि भीमगीतं आली.

बायकांनी जुनं माध्यमसुद्धा नव्या कामाला लावलं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या, बुद्धांवरच्या ओव्याही आहेत. दळता दळता ज्या विठ्ठलाला हाक मारायच्या, त्याच चालीत बायका भीमरावांबद्दल गाऊ लागल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकानं चळवळीतल्या बायकांच्या आठवणी नोंदवल्या नसत्या, तर यातलं बरंच हरवलं असतं.

आता चीनकडे: तिथल्या आज्या काय म्हणतात?

चीनच्या पूर्व भागात, शांघाय, सुझोउ, निंगबोच्या आसपास, वयस्क बायकांचे गट एकत्र बसून 'नियेनफो' करतात. नियेन म्हणजे म्हणणं किंवा मनात धरणं, फो म्हणजे बुद्ध. 'आमितुओफो' हे अमिताभ बुद्धाचं नाव हजारो वेळा घेतलं जातं, हातात मण्यांची माळ असते. काही ठिकाणी म्हणून झालेल्या पाठांची नोंद कागदावर लाल ठिपक्यांनी करतात. असा 'म्हटलेला' कागद पुण्य साठवलेला मानला जातो आणि मेलेल्या नातेवाइकांसाठी जाळला जातो. ज्यांना स्वत:ला वेळ नाही ते आज्यांकडून असे कागद घेतात. म्हणजे पाठ हे तिथे पुण्य आहे आणि म्हाताऱ्या बाईसाठी थोडी कमाईसुद्धा.

दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात आणखी एक तऱ्हा होती. रेशीम उद्योगात काम करणाऱ्या अनेक बायकांनी लग्न न करण्याची शपथ घेतली. त्यातल्या कित्येक पुढे सिंगापूर-मलायात घरकामाला गेल्या आणि म्हातारपणी शाकाहारी मठांत राहिल्या. मूलबाळ नाही, मग आपल्या मागे आपल्यासाठी पाठ कोण म्हणणार? एकमेकींनी.

या आज्यांचा सगळ्यात आवडता पाठ म्हणजे 'दाबेइ झोउ', महाकरुणेची धारणी. गंमत अशी की हा पाठ चिनी भाषेत नाहीच. मूळ संस्कृत शब्दांचे आवाज चिनी लिपीत उतरवलेत. म्हणणाऱ्या बाईला अक्षरं वाचता आली तरी वाक्याचा अर्थ लागत नाही, तरीही ८४ तुकड्यांचा हा पाठ तिला तोंडपाठ असतो.

तिथल्या शिकलेल्या लोकांनी या आज्यांना काय म्हटलं? 'अंधश्रद्धाळू'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुधारक आणि सरकार दोघांनीही हा शिक्का मारला. आजही चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाचच आहेत आणि लोकधर्म त्यात नाही. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत देवळं बंद झाली, मूर्ती फोडल्या गेल्या, भिक्षूंना घरी किंवा शेतावर पाठवलं गेलं. पण कंठात असलेली गोष्ट जप्त करता येत नाही. बंधनं सैल झाल्यावर पुन्हा पाठ सुरू करणाऱ्यांत, देवळांसाठी पैसे जमवणाऱ्यांत आणि नव्या पिढीला काय म्हणायचं ते सांगणाऱ्यांत या म्हाताऱ्या बायका पुढे होत्या.

याचा मुंबईशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जास्त आहे.

चिनी आज्या संकटात जिला हाक मारतात ती ग्वानयिन, दयेची देवी. ती मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. भारतात तो पुरुषरूपात होता, चीनमध्ये हळूहळू स्त्री झाला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या कान्हेरी लेण्यांत हाच अवलोकितेश्वर कोरलेला आहे. एका लेण्यात तर आग, बुडती नाव, हत्ती, चोर अशा संकटांत सापडलेले लोक त्याला हाक मारतायत असं शिल्प आहे. व्यापारी आणि प्रवासी लोकांचा तो आधार होता. म्हणजे चिनी आजी ज्याला हाक मारते, त्याला बोरिवलीत दीड हजार वर्षांपूर्वीही हाक मारली जात होती. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची आणि गृहिणींचीही नोंद आहे. जुहूपासून जवळ, अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांतही बौद्ध चैत्य आहे.

माझगावला डॉकयार्ड रोडजवळ सी यप कून हे चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. ग्वांगदोंग प्रांतातून आलेल्या लोकांनी ते बांधलं. तिथे न्यायाचा आणि शौर्याचा देव क्वान कुंग आहे, ग्वानयिनही आहे. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतले चिनी लोक मोठ्या प्रमाणात कमी झाले, देऊळ मात्र टिकलं.

आणि खुद्द जुहू-अंधेरीत? तिथल्या काही फ्लॅटमध्ये 'नाम म्योहो रेंगे क्यो' हा जप चालतो. तो जपानच्या निचिरेन परंपरेतला, सोका गाक्काई या संघटनेमुळे भारतातल्या शहरी मध्यमवर्गात पसरलेला. यातलं 'नाम' म्हणजे आपलं 'नम:'. पुढचे शब्द म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी नावाचा जपानी उच्चार. भारतातून चीन, चीनमधून जपान, जपानमधून जुहू असा हा प्रवास. ग्वानयिनचा जो अध्याय चिनी बायका म्हणतात, तोही याच सूत्रातला.

म्हणजे एकाच उपनगरात दोन बौद्ध पाठ ऐकू येतात. फ्लॅटमधल्या जपाला लोक 'मेडिटेशन', 'पॉझिटिव्ह एनर्जी' म्हणतात. वस्तीतल्या वंदनेला मात्र 'त्यांचं काहीतरी चाललंय' म्हणून खिडकी लावून घेतात. भाषा दोन्हीकडे परकीच आहे. ऐकणाऱ्याच्या नजरेत जो फरक आहे तो भाषेचा नाही, जातीचा आणि वर्गाचा आहे.

पण अर्थ कळत नसेल तर उपयोग काय?

हा प्रश्न बाहेरचेच विचारतात असं नाही. विहारातली शिकलेली तरुण मुलंही विचारतात, आणि त्यांचा मुद्दा हलका नाही.

बाबासाहेबांचा धम्म बुद्धीला पटण्यावर उभा आहे. २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मग न समजणाऱ्या भाषेत घोकंपट्टी का? कुणी आजारी पडलं की परित्राण पाठ ठेवायचा, तो जुन्या मंत्रतंत्रापेक्षा वेगळा कसा? मयतानंतर जलदान विधी करायचा, तर ते पिंडदानाचंच दुसरं नाव नाही का? असे वाद बौद्ध समाजात होतात, आणि व्हायलाच हवेत. चीनमधल्या लाल ठिपक्यांच्या कागदासारखं काही आपल्याकडे सुरू झालं तर ते या धम्माच्या मुळावरच येईल.

पण दुसरी बाजूही आहे.

एक, बौद्ध परंपरा मुळात पाठांतरानंच जगली. बुद्धांची वचनं काही शतकं फक्त तोंडी होती. श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ती लिहून काढली गेली. 'थेरीगाथा' हा बायकांच्या कवितांचा जगातल्या सर्वांत जुन्या संग्रहांपैकी एक. थेरी म्हणजे वडीलधारी भिक्खुणी. म्हणजे वयस्क बाईनं पाली म्हणणं ही नंतर चिकटलेली प्रथा नाही, ती परंपरेच्या सुरुवातीपासून आहे.

दोन, महाराष्ट्रातल्या आज्यांनी अर्थाची सोय स्वत:च केली. पालीत वंदना, मराठीत ग्रंथवाचन, आणि गाण्यातून इतिहास. तिन्ही एकाच विहारात, बऱ्याचदा एकाच संध्याकाळी. चिनी आजीच्या धारणीला असा जोड अर्थ नव्हता. इथे पाली न कळणाऱ्या बाईलासुद्धा पंचशील म्हणजे काय ते विचारा. चोरी, खोटं, व्यभिचार, हिंसा, दारू. ती बोटांवर मोजून सांगेल. शिवाय नवऱ्याच्या दारूशी भांडताना तिनं पाचवं शील कसं पुढे केलं, तेही सांगेल.

तीन, पाठाचा मजकूर बघा. महामंगल सुत्त शुभ व्हावं म्हणून म्हटलं जातं. त्यात काय आहे? मंगल कशाला म्हणायचं याची ३८ उत्तरं. चांगल्यांची संगत, आईवडलांची सेवा, शिकणं, निर्दोष काम, संयम. शकुन, मुहूर्त, ग्रह यांचा पत्ता नाही. करणीयमेत्त सुत्तात सगळ्या जिवांबद्दल मैत्री बाळगायला सांगताना आईच्या मायेची उपमा दिली आहे. म्हणजे अंधश्रद्धेवरचा उतारा पाठातच आहे. तो उघडून दाखवायचं काम मात्र झालं पाहिजे. ते न करता आजीला 'तुला काय कळतं' म्हणणं हा सोपा, पण आळशी मार्ग आहे.

पाठ बाईचा, मग विधी कुणाचा?

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. विहार भरतो बायकांनी, पण लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन असे विधी लावणारे बौद्धाचार्य आजही बहुतेक ठिकाणी पुरुष असतात. १९५५ मध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा धम्माची शिबिरं घेते, त्यांत बायकाही शिकतात. तरी पत्रिकेवर नाव कुणाचं आणि सतरंज्या कोण घालतं, हे कुठल्याही कार्यक्रमात बघून घ्या.

याही बाबतीत चीनची गोष्ट उपयोगी आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेहून भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि तिथे बायकांना पूर्ण दीक्षा मिळू लागली. पुढे अकराव्या शतकाच्या सुमाराला श्रीलंकेतलाच भिक्खुणीसंघ संपला. चीनमधली साखळी मात्र तुटली नाही. १९९६ ला सारनाथमध्ये कोरियन संघाच्या मदतीनं, आणि १९९८ ला बोधगयेत तैवानच्या फो ग्वांग शान या संस्थेच्या पुढाकारानं श्रीलंकेच्या बायकांना पुन्हा पूर्ण भिक्खुणी दीक्षा मिळाली. थेरवादातले अनेक ज्येष्ठ भिक्खू अजूनही ती मानत नाहीत. पण जे बायकांनी दूरदेशी जपलं, ते हजार वर्षांनी उसनं घेऊन परत आणता आलं, ही गोष्ट राहतेच.

बोधगया अलीकडे बातमीत आलं ते वेगळ्या कारणानं. १९४९ च्या कायद्यानं महाबोधी विहाराच्या समितीत बौद्धांना पूर्ण ताबा नाही, म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून तिथे आंदोलन सुरू झालं. मोठ्या विहाराचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न योग्यच आहे. मग वस्तीतल्या विहारात आवाज कुणाचा आणि मान कुणाला, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता धोका कसला?

चीनच्या आज्यांवर सरकार तुटून पडलं होतं. इथे तसं कुणी येणार नाही. इथला धोका शांत आहे आणि तो तीन बाजूंनी येतोय.

पहिला वयाचा. ज्या बायकांनी १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीच्या तोंडून हे ऐकलं, त्या आता सत्तर-ऐंशीच्या आहेत. नातवंडं शिकली, नोकरीला लागली, वसई-विरार, कल्याण-बदलापूरला राहायला गेली. ती ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात, १४ एप्रिलला मिरवणुकीत असतात. पण दर आठवड्याच्या वंदनेला वेळ कुठून आणणार?

दुसरा स्पीकरचा. वंदनेची रेकॉर्डिंग यूट्यूबवर भरपूर आहेत. मोबाइल लावला की झालं. सोय आहे यात शंका नाही. पण एका आवाजाची रेकॉर्डिंग सगळीकडे वाजू लागली की त्या त्या वस्तीची चाल, थांबण्याच्या जागा, आजीनं स्वत: घातलेलं भीमस्मरण हे सगळं पुसलं जातं. आणि ज्या वस्तीत मशीन म्हणतं तिथे माणसांना पाठ करावं लागत नाही.

तिसरा जागेचा. मुंबईत वस्तीचा पुनर्विकास म्हणजे विहाराचाही पुनर्विकास. घाटकोपरच्या रमाबाईनगरचंच बघा. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात तिथली दहा माणसं गेली होती. आता तिथे एमएमआरडीए आणि एसआरए मिळून मोठा पुनर्विकास करत आहेत. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनात आधीपासूनच्या प्रार्थनास्थळाला जागा देता येते, पण ती आधीच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त नाही. मोजमाप होतं ते बांधकामाचं. विहारासमोरच्या ज्या मोकळ्या जागेत पौर्णिमेला शंभर बायका बसायच्या, ती कुठल्याच तक्त्यात नसते. टॉवर उभा राहिल्यावर विहार मिळतो, अंगण जातं. तिसाव्या मजल्यावर राहायला गेलेली, गुडघे दुखणारी आजी लिफ्ट बंद असली की खाली येत नाही.

मग करायचं काय?

यातलं बरंच सरकारच्या मदतीशिवाय होऊ शकतं, आणि काही सरकारनंच करायला हवं.

अभिजात दर्जाच्या पैशातला थोडा हिस्सा विहारांपर्यंत यावा. कलिनाला मुंबई विद्यापीठात पाली विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवून आज्यांचे पाठ चालीसकट, चुकांसकट नोंदवता येतील. चुकासुद्धा महत्त्वाच्या, कारण त्यावरून पाली मराठी तोंडात कशी रुळली ते कळतं. बदल्यात त्याच विद्यार्थ्यांनी बसून एकेका गाथेचा मराठी अर्थ सांगावा. आजी पाठ देईल, मुलं अर्थ देतील. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

तुमच्या वस्तीचा पुनर्विकास होत असेल तर सोसायटीच्या बैठकीत विहाराचे चौरस फूट विचाराच, पण बसायची मोकळी जागा आणि तळमजलाही मागा. हे मागायला कायद्याची पदवी लागत नाही. नकाशा मंजूर व्हायच्या आधी मागावं मात्र लागतं.

घरच्या घरी करता येण्यासारखी गोष्ट तर आणखी सोपी आहे. पुढच्या पौर्णिमेला आजीच्या शेजारी बसा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. मग तिला तीन गोष्टी विचारा. हे तू कुणाकडून शिकलीस, तेव्हा तुझं वय काय होतं, आणि यातलं तुला सगळ्यात जवळचं कुठलं. पाली अभिजात ठरवायला मंत्रिमंडळाची बैठक लागली. ती पुढच्या पिढीत पोचवायला एवढा अर्धा तास लागतो, आणि आजी आहे तोवरच तो मिळतो.